गळती थांबल्यावर

धैर्यशील इंगवल्यांच्या गाडीखाली कायम जुना पुठ्ठा अंथरलेला असे आणि त्यावरच्या डागांवरून ते गाडीची तब्येत सांगत. काळा डाग इंजिन ऑइलचा, तांबूस गिअरबॉक्सचा, हिरवा कूलंटचा. कोल्हापुरात आता विजेच्या गाड्यांशिवाय काही दिसत नसे आणि पेट्रोल मिळवायला दहा ठिकाणी वणवण करावी लागे. तरी धैर्यशीलरावांनी आपली म्हातारी छोटी गाडी सोडली नव्हती. उलट एका मोठ्या गाडीचा टर्बो तिला बसवून त्यांनी तिचा जोर दुप्पट केला होता. गळतीही दुप्पट झाली होती, पण हे ते आपणहून सांगत नसत.

त्या रविवारी त्यांच्याबरोबर गॅरेजमध्ये त्यांची धाकटी बहीण होती. डॉ. ऋजुता मंडलिक या पदार्थवैज्ञानिक. प्रयोगशाळेतून रजा घेऊन त्या माहेरी आल्या होत्या, कारण तिथे बसून वाट पाहणे त्यांना सहन होईना. त्यांनी तयार केलेला साकळद्रव तीन आठवड्यांपूर्वी चंद्रवस्तीच्या दुहेरी भिंतींमध्ये भरला होता. वस्तीतून वर्षानुवर्षे हवा गळत होती. गळती थांबली तर वस्ती राहणार, नाही तर ती कायमची बंद करून सगळ्यांना परत आणणार, असे ठरले होते. निर्णय उद्याच होता. आणि त्या वस्तीत ऋजुताबाईंची मुलगी शलाका भाजीपाला पिकवत होती. तिला परत यायचे नव्हते.

सकाळीच शलाकाचा निरोप आला होता.

"आई, दाबमापकाचा काटा तीन आठवडे जागचा हललेला नाही! इथं सगळे तुझं नाव घेतात. माझे कान तेवढे गच्च झालेत, सर्दी होणार बहुतेक. आणि गंमत सांगू? हल्ली भात काय सुरेख शिजतो! दोन वर्षं आम्ही कचकचीत भात खाल्ला, आता अगदी घरच्यासारखा होतो. सगळं कसं छान चाललंय."

ऋजुताबाईंनी तो निरोप पुन्हा पुन्हा ऐकला होता. आनंद झाला होताच, पण जिवाला स्वस्थता नव्हती.

"चंद्रावर एवढं चालतंय, तर माझ्या गाडीनंच काय घोडं मारलंय?" धैर्यशीलराव म्हणाले.

"तेच म्हणतो मी. म्हणून तर तेलात मिसळायचा आणलाय," ऋजुताबाईंनी पिशवीतून एक छोटी बाटली काढली. परिषदांमध्ये शुद्ध बोलणाऱ्या या बाई दादासमोर आल्या की बालपणीच्या कोल्हापुरीवर येत आणि 'करते-जाते' विसरून पुरुषांसारखं 'करतो-जातो' म्हणत.

"ह्यानं हुतंय काय नेमकं?"

"जखमेवर रक्त साकळतं का नाही, तसं. फक्त ह्याला गारठा लागतो. उबेत असला तर पातळ. बारीक फटीतनं वाहता वाहता गारठला, की तिथंच घट्ट. इंजिनात सगळं तापलेलं असतंय. तेल फटीतनं बाहेर यायला लागलं की गार होणार आणि फट बुजणार."

"आणि रात्री गाडी गार पडली की? सगळंच तेल घट्ट हुईल की गं!"

"न्हाई. नुसतं गार होऊन भागत न्हाई, वाहताना गार व्हायला पायजे. उभं तेल आहे तसंच राहतं. चंद्रावर पण हेच. आत ऊब, बाहेर गारठा. भिंतीला चीर पडली की द्रव तिकडं वाहतो आणि बुजवून टाकतो."

धैर्यशीलरावांनी बाटली उजेडात धरून पाहिली. ते स्वतः ओतकामाचा कारखाना चालवत. ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवायचा त्यांचा स्वभाव नव्हता.

"पण मला सांग, एवढी वर्षं हवा गळत हुती, तर माणसं जगली कशी?"

"वायुयंत्र सारखी हवा सोडत असतंय. गळायची ती गळते. त्यातनं जास्त झालीच, तर भिंतीतल्या सुटकाझडपा उघडतात आणि जादा हवा बाहेर जाते."

"म्हणजे माझ्यासारखंच. गळतंय म्हणून भरायचं, भरतंय म्हणून गळायचं!"

इंजिन तापवून त्यांनी बाटली तेलात ओतली आणि गाडी चालू ठेवली. टर्बोतून तेल परत आणणाऱ्या पाइपच्या जोडावर एक थेंब नेहमी लोंबत असे. तो लोंबता लोंबताच दुधाळ झाला आणि थिजला. मग वरच्या झाकणाची कड कोरडी पडली. धैर्यशीलरावांनी नवा पुठ्ठा सरकवला आणि चहा पिऊन झाल्यावर तो बाहेर ओढला. पुठ्ठा कोरा होता. त्यांना खरोखरच गहिवरून आले. एवढ्या वर्षांत त्यांनी किती गॅस्केटं बदलली, किती सील बसवले, पण एक जागा बंद केली की दुसरी सुटायची.

"चल, चढावर नेऊन बघू," ते म्हणाले.

घरामागच्या चढाला त्यांनी पाय दाबला. टर्बो शिट्टी घालत घुमला, गाडी उसळली, आणि अर्ध्या चढावर बॉनेटखाली फाडकन आवाज झाला. काचेवर तेलाचे शिंतोडे उडाले. बॉनेट उघडून पाहतात तर तेल मोजायची कांडी आपल्या नळीतून उडून बॅटरीवर जाऊन पडलेली, आणि सगळीकडे तेलच तेल.

"आता गं!" धैर्यशीलराव म्हणाले. "आत दाब साठला. पिस्टनच्या कडेनं थोडा वायू खाली निसटतोच. टर्बो असला की जास्तच. त्यो बाहेर काढायला ही श्वासनळी ठेवलीया."

त्यांनी इंजिनापासून पुढे जाळीपर्यंत गेलेली रबरी नळी उपसून काढली. पुढच्या टोकाशी, जिथे नळीला गार वारा लागायचा, तिथे खरवसाच्या वडीसारखा घट्ट बोळा बसला होता.

"वायूबरोबर तेलाची वाफ येती," ते म्हणाले. "हितं गारठली आणि साकळली. तुझ्या औषधानं माझ्या गाडीचं नाकच दाबलं की!"

ऋजुताबाई पुढे वाकल्या. त्यांनी तो बोळा बोटांनी दाबून पाहिला.

"दादा, ह्याला कळत न्हाई."

"काय कळत न्हाई?"

"फट चुकून पडलीय का मुद्दाम ठेवलीय, ते. सुटकाझडप म्हणजे मुद्दाम ठेवलेली फटच. आणि दाबमापकाची नळी तर केसाएवढी असते, भिंतीतनं बाहेरच्या गारठ्यात गेलेली." त्यांनी बोळा मुठीत आवळला. "काटा तीन आठवडे हलला न्हाई म्हणून आम्ही पेढे वाटले. तो हलणार कसा? त्याची नळीच बुजलीय."

"पण पोरगी तर म्हणती, सगळं झ्याक चाललंय..."

"भात, दादा! भात चांगला शिजतो म्हणाली ती! हवेचा दाब कमी असला की पाणी लवकर उकळतं आणि भात कच्चा राहतो. दाब वाढला की शिजतो. कुकरमध्ये काय होतं? माझी पोरगी कुकरमध्ये बसलीय आणि शिट्टी मी बंद केलीय!"

चढावरच, गाडीच्या दाराला टेकून त्यांनी चंद्रवस्तीशी संपर्क साधला. उत्तर यायला दोन-अडीच सेकंद लागत. एवढी लांब शांतता त्यांनी आयुष्यात अनुभवली नव्हती.

"शलाका, आत्ताच्या आत्ता पाणी उकळायला ठेव आणि त्यात थर्मामीटर बुडव."

"आई, काय झालं? काटा तर एकदम..."

"काट्याकडे बघू नकोस. पाण्याकडे बघ."

वस्तीत हवेचा दाब पृथ्वीपेक्षा कमी ठेवलेला असे, म्हणून पाणी अठ्ठ्याऐंशी अंशांना उकळायला हवे होते. दोघे भाऊबहीण रस्त्याच्या कडेला उभे राहिले. धैर्यशीलरावांनी बहिणीचा तेलकट हात आपल्या तेलकट हातात घट्ट धरून ठेवला.

"सत्त्याण्णव," शलाका म्हणाली. तिच्या आवाजातली गंमत निघून गेली होती. "आई, सत्त्याण्णवला उकळतंय."

भिंती किती दाब सोसतील हा आकडा ऋजुताबाईंना पाठ होता. तो फार दूर नव्हता.

"नीट ऐक. वायुयंत्र बंद करायला सांग. मग प्रवेशकोठडी हवेनं भरा, आतलं दार लावा आणि बाहेरचं उघडा. परत भरा, परत उघडा. एवढं मोठं दार साकळद्रवाला बुजवता येत नाही. आणि अर्ध्या अर्ध्या तासानं पाणी उकळून बघ."

गाडी उतारावरून मागे घेत घरी आणली, तोवर ऋजुताबाईंचे डोळे पुसून झाले होते. रडून झाले की त्यांचे डोके चांगले चालायचे.

"दादा, साकळद्रव उबेत साकळत न्हाई," त्या म्हणाल्या. "ही नळी टर्बोच्या कडेनं वळवून ने. वर तुझ्या कारखान्यातलं ते भट्टीचं कापड गुंडाळ. शेवटपर्यंत गरम राहिली पायजे."

"आणि चंद्रावर?"

"झडपेला आणि मापकाच्या नळीला तारेचं छोटं वेटोळं घालायचं. वीज सोडून नुसती ऊब द्यायची. तारा त्यांच्याकडे आहेत. पण आधी हितं बघू."

दुपारभर दोघे गाडीत डोके खुपसून बसले. मग तोच चढ त्यांनी पुन्हा चढला, सारखा सारखा, शेजारी गच्चीवर येऊन बघायला लागेपर्यंत. कांडी जागेवर राहिली. पुठ्ठा कोरा राहिला. नळीच्या तोंडातून मात्र हलका धूर येत होता. ऋजुताबाईंनी त्या नळीचे आणि तारेच्या वेटोळ्याचे चित्र काढून वस्तीला पाठवले आणि खाली लिहिले, 'ज्या फटी आपल्या आहेत, त्या गरम ठेवा.'

संध्याकाळी फोन वाजला. धैर्यशीलरावांनी तो उचलला आणि दोघांना ऐकू येईल एवढा आवाज मोठा केला.

"मामा? आईला सांग, बोळे उपसून वेटोळी बसवली. झडपा हलायला लागल्या. काटासुद्धा हलतोय, आणि पाणी अठ्ठ्याऐंशीला उकळलं. भिंतीतून मात्र कणभर गळत नाही. उद्या काय ठरायचं ते ठरो, सगळ्यांनी राहायचं म्हणून सह्या केल्यात." मग ती क्षणभर थांबली. तिच्या तोंडात घास असावा. "फक्त एक झालं. भात कच्चा राहिलाय. दाताखाली कचकच वाजतोय."

"वाजू दे," शेजारून ऋजुताबाई ओरडल्या. त्या हसत होत्या आणि रडतही होत्या. "जरा मोठ्यानं चाव. मला ऐकू दे."