‘मार्गरीट’चं झाकण

ऑक्ताव मिलाझारने आयुष्यात एकाच पत्राला उत्तर दिलं नव्हतं.

बाकी सगळ्यांना द्यायचा. कुणी दोन ओळी पाठवल्या तर हा पान भरून लिहायचा, आणि मग आपण जास्त तर नाही ना लिहिलं, या काळजीने झोपायचा नाही. पण ते एक पत्र खणात तसंच पडून राहिलं.

का, ते सांगतो.

गोष्ट खरी आहे. पटवून देताना माझी अडचण एवढीच, की ज्याच्या बाबतीत ती घडली तो ऑक्तावच म्हणतो, "माझ्यावर विश्वास ठेवू नका. माझाच माझ्यावर नाही."

म्हणून मी लॉरेंझाला विचारलं. ती तिथे होती. तिने छातीवर क्रूस काढला आणि तेच सांगितलं.

जागा : मॉरिशसमधलं क्युर्पिप, फॉरेस्ट साइडच्या गल्लीतलं ऑक्तावचं घर.

वेळ : रात्र नव्हती. फेब्रुवारीतल्या वादळाची भर दुपार होती.

क्युर्पिपमध्ये जुन्या जहाजांच्या लाकडी प्रतिकृती बनतात. पुरुष सांगाडा उभा करतात, फळ्या चढवतात. बायका दोर ओवतात. ऑक्ताव त्या कारखान्यातला सगळ्यात जुना कारागीर. एकटा जीव, घरात पुस्तकंच पुस्तकं. बोलायची वेळ आली की पुस्तकात डोकं. सगळे त्याला तोंतों म्हणत, म्हणजे काका. दोर ओवणाऱ्या बायकांत लॉरेंझा सगळ्यात हुशार, आणि तोंडाने सगळ्यात तिखट.

त्या वर्षी काम आलं ते ‘मार्गरीट’चं.

‘मार्गरीट’ ही जुनी आगबोट. रॉद्रिग्ज बेटावरून माणसं, बकऱ्या, कांदे, सुकवलेले ऑक्टोपस घेऊन मॉरिशसला यायची. एका वादळात बुडाली. वरच्या डेकवरचे वाचले. खालच्या तळघरात गरीब प्रवासी होते. त्यांतला एकही वाचला नाही.

ऑक्तावचे आजोबा एलिसे खालीच होते.

वादळ आलं की तळघराचं झाकण बंद करतात, हे रॉद्रिग्जचं शेंबडं पोरही सांगेल. झाकणावर अडसर टाकायचा आणि अडसराच्या बाजूने लाकडी पाचरा ठोकायच्या. वरून. खालून त्या कुणाच्या बापाला निघत नाहीत. प्रश्न एवढाच, की बोट बुडण्याआधी त्या कुणी काढल्या का?

चौकशी झाली. बोटीच्या कंपनीच्या साहेबांनी साक्ष दिली. निकाल लागला, की झाकण वेळेवर उघडलं होतं. खालचे लोकच भेदरले होते.

ते वर आलेच नाहीत.

ऑक्ताव रॉद्रिग्जमधल्या पोर्ट माथुरिनच्या शाळेत होता तेव्हा मधल्या सुट्टीत वर्गातच पुस्तक घेऊन बसायचा. बाहेरून पोरं ओरडायची, "ए मार्गरीट! वर ये की रे! का आजोबासारखा बसून राहतोस?"

ती हाक त्याच्या कानातून कधी गेलीच नाही.

आता कंपनीची शंभरी होती, आणि त्या साहेबांचे नातू, मस्ये (म्हणजे श्रीयुत) वालंब्रे, अध्यक्ष होते. खणातलं ते पत्र त्यांचं होतं. पत्र गोडच होतं. ‘मार्गरीट’ची प्रतिकृती कंपनीच्या दालनात ठेवायची आहे, काम तुमच्याच हातचं हवं. शेवटी एक ओळ : ‘तळघराचं झाकण उघडं दाखवावं. चौकशीत तसं सिद्ध झालं आहे. उत्तराची वाट पाहतो.’

हो लिहवेना. नाही लिहायची छाती नव्हती.

ऑक्तावने पत्र खणात टाकलं आणि काम सुरू केलं. कुणी सांगेल ते करायचं, हीच त्याची सवय. झाकण त्याने उघडंच बसवलं. कलतं ठेवून, सरस लावून.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कारखान्यात आला तर...

झाकण बंद होतं.

"लॉरेंझा, तू लावलंस का हे?"

"माझे दोन्ही हात दोरात अडकलेत, तोंतों. तुम्हीच लावलं असेल. परवा चष्मा कपाळावर ठेवून गावभर शोधत होतात."

त्याला ते पटलं. स्वतःविरुद्धचं काहीही त्याला लगेच पटायचं. त्याने झाकण पुन्हा उघडलं. या वेळी पितळी खिळा मारला.

पुन्हा सकाळ झाली...

झाकण बंद. खिळा जमिनीवर, वाकलेला. आणि झाकणावर आडवा एक अडसर, काडीएवढा, लोखंडाचा. गंजलेला.

तो ऑक्तावने बनवला नव्हता. कारखान्यात तसलं लोखंडच नव्हतं.

अडसर ओला होता.

त्याने जीभ लावून पाहिली. खारट.

त्याच दिवशी फोन आला.

"मिलाझार, पत्राचं उत्तर नाही तुमचं."

"लिहितो, मस्ये..."

"झाकण उघडं आहे ना?"

"आहे. म्हणजे... राहत नाही."

"राहत नाही म्हणजे? हे बघा, शंभरीचा सोहळा आहे. बारशाला गेल्यावर कुणी मयताच्या गोष्टी काढतं का? उघडं ठेवा आणि विषय मिटवा."

"हो, मस्ये."

फोन ठेवल्यावर लॉरेंझाने त्याच्याकडे पाहिलं. "हो मस्ये, हो मस्ये! तोंतों, उद्या तो म्हणेल ‘मार्गरीट’ बुडालीच नाही, तर तुम्ही तिला चाकं लावून द्याल."

ऑक्ताव पुन्हा कामाला लागला. पण कान लाल झाले.

मग रेडिओने वादळाचा इशारा दिला. कारखान्याचं छप्पर पत्र्याचं, ऑक्तावचं घर सिमेंटचं. म्हणून तो ‘मार्गरीट’ चादरीत गुंडाळून घरी घेऊन आला. थोड्याच वेळात दारात लॉरेंझा, डोक्यावर गोणपाट, हातात सार्डिन माशांचे डबे.

"माझं छप्पर हलायला लागलंय. राहू का?"

"राहा की. पण लोक काय..."

"लोक? तुमच्याबरोबर एका घरात राहिले म्हटल्यावर लोक मलाच बिचारी म्हणतील. सरका."

त्याने दाराला कडी घातली आणि खिडक्यांवर आतून फळ्या ठोकल्या. वीज गेली. भर दुपारी मेणबत्ती लावावी लागली. वारा असा घुमत होता, जणू घराभोवती कुणी साखळदंड ओढत फिरतंय. दोघांनी पाव आणि सार्डिन खाल्ले. टेबलावर ‘मार्गरीट’. तिचं झाकण ऑक्तावने पुन्हा उघडून ठेवलं होतं.

आणि मग...

वारा थांबला.

एकदम. कुणीतरी तोंडावर हात ठेवावा तसा.

"डोळा आला," लॉरेंझा म्हणाली. वादळाचा मधला भाग डोक्यावर आला की असं होतं. थोडा वेळ सगळं शांत. मग वारा उलट्या दिशेने परत येतो, आधीपेक्षा जोरात.

शांतता.

थेंबाचाही आवाज नाही. दूरचं कुत्रंसुद्धा नाही. आणि खोलीतला सरसाचा वास गेला होता. त्याऐवजी...

बकऱ्यांचा वास. कांद्याचा.

"तोंतों," लॉरेंझा हळू म्हणाली, "तुम्ही बकरी पाळली नाही ना?"

ठक्.

आवाज टेबलावरून आला.

ठक्... ठक्... ठक्...

ऑक्तावचं आयुष्य लाकडात गेलं होतं. तो आवाज त्याला ओळखू आला. पाचर सैल असते तेव्हा भद्द वाजते. आत बसत गेली की आवाज टणक होत जातो.

हा आवाज टणक होत गेला.

मग थांबला. मेणबत्ती जवळ नेली...

झाकण बंद. वर अडसर. अडसराच्या बाजूने तांदळाएवढ्या पाचरा, घट्ट ठोकलेल्या.

दोघांपैकी कुणीही टेबलाला हात लावला नव्हता.

"चला," लॉरेंझाने ओठ चाटले, "निदान सुतार चांगला आहे."

आणि मग आतून आवाज आला.

धप्.

हा हातोडा नव्हता. तळहात होता.

धप्. धप्. मग बरेच. एकावर एक, घाईघाईने, खालून वर. दोन हात लांबीची ती आगबोट टेबलावर थरथरू लागली. लॉरेंझाने ओवलेले दोर भिजले होते, त्यांतून पाणी ठिबकत होतं. कुठेतरी फार खोल एक बकरी ओरडली.

"येशू, मेरी..." लॉरेंझा भिंतीला चिकटली. "तोंतों, चादर टाका त्याच्यावर! झाका ते!"

झाका.

ऑक्तावने चादर उचलली. जन्मभर त्याने तेच केलं होतं. पण हात तिथेच थांबला.

ते लोक भेदरून बसले नव्हते. ते वर यायला धडपडत होते. आजोबाही.

त्याने चादर फेकली आणि पाचर चिमटीत धरून ओढली. हलेना. नख उलटलं. पुन्हा ओढली. कुणीतरी वरून दाबून धरल्यासारखी घट्ट.

आणि मग, ज्याचा आवाज शेजाऱ्यांनी कधी ऐकला नव्हता, तो माणूस ओरडला.

"सोडा! हात काढा वरचे! ते येतायत वर... येतायत! कोण म्हणतं येत नाहीत?"

त्याने पटाशी घेतली, अडसराखाली घातली आणि सगळं वजन टाकलं. पटाशी सटकली, तळहात फाटला. त्याने ती पुन्हा घातली.

"आज नाही ऐकणार! शंभर वेळा लावा. मी शंभर वेळा उघडेन!"

कट्ट.

अडसर तुटला. झाकण उडून जमिनीवर पडलं.

आगबोटीच्या पोटात काठापर्यंत काळं पाणी होतं. ते सांडलं नाही. नुसतं खाली गेलं... आणि दिसेनासं झालं.

मग ऑक्तावच्या गालाला काहीतरी गार लागून गेलं. मग आणखी एक. बंद खोलीत, वाऱ्याशिवाय.

दाराची कडी खडखडली. आतून.

लॉरेंझाने जमिनीकडे बोट दाखवलं. टेबलापासून दारापर्यंत ओली पावलं उमटत होती. अनवाणी. एकामागून एक.

दाराशी येऊन ती थांबत होती. गर्दी होत होती.

ऑक्ताव कडीकडे गेला.

"वेड लागलंय का! वारा परत येईल! दार उघडं राहिलं तर घर जाईल, आपण जाऊ!"

"त्या वेळीही कुणीतरी असंच म्हणालं असेल," ऑक्ताव म्हणाला, आणि त्याने दार सताड उघडलं.

बाहेर पिवळट उजेड होता. झाडं मोडून पडलेली. पान हलत नव्हतं. पावलं उंबरा ओलांडून जात राहिली आणि तो दार धरून उभा राहिला. लांबून घरघर ऐकू यायला लागली. वारा परत येत होता.

"लावा दार, तोंतों!"

"अजून आहेत."

"लावा म्हणते ना!"

"अजून आहेत, लॉरेंझा!"

पावलांचा एक जोड त्याच्यासमोर थांबला. मोठी, रुंद पावलं. बोटं त्याच्याकडे वळलेली. क्षणभर तिथेच राहिली. मग वळली आणि बाहेर गेली.

तो कोण होता, हे ऑक्ताव सांगत नाही. "मला कसं कळणार?" म्हणतो. पण तेवढं बोलताना चष्मा पुसतो.

वारा भिंतीवर आदळला तेव्हा दोघांनी खांदा लावून दार लोटलं. कडी घातली. पाठ टेकून बसले.

वादळ सरल्यावर त्यांनी झाकण उचललं. वरची बाजू ऑक्तावने रंधा मारून ठेवली होती तशीच गुळगुळीत. उलटं केलं...

आतल्या बाजूला ओरखडे होते. सुईने काढावेत इतके बारीक. सगळीकडे. एकावर एक. लाकूड भुसभुशीत होईपर्यंत.

लॉरेंझाने ते पाहिलं आणि छातीवर क्रूस काढला.

त्या रात्री ऑक्तावने खण उघडला. पत्राचं उत्तर त्याने एका बैठकीत लिहिलं.

‘मस्ये वालंब्रे,

झाकण उघडं आहे. पण ते मी उघडलं. तुमच्या आजोबांच्या वेळी कुणी उघडलं नव्हतं. मी ते डेकवर उलटं ठेवलं आहे, आतली बाजू वर. तुटलेला अडसर आणि पाचरा शेजारी आहेत. ज्याला पाहायचं आहे त्याने पाहावं. बोट अशीच हवी असेल तर न्या. नको असेल तर मी ती पोर्ट माथुरिनच्या चर्चमध्ये टांगेन. तिच्यातलं काहीही बदलणार नाही.

ऑक्ताव मिलाझार,
एलिसे मिलाझारचा नातू.’

खरं तर गोष्ट इथे संपायला हवी होती.

पण ते झाकण सुकत नाही. कितीही दिवस उन्हात ठेवा. खालचा कागद सकाळी ओलाच, कडेने मिठाची रेघ.

आणि दुसरं. जमीन पुसताना लॉरेंझाच्या लक्षात आलं. पावलांची एक रांग दारापर्यंत गेलीच नव्हती. फार लहान पावलं होती ती. टेबलापासून निघाली आणि पुस्तकांच्या कपाटापाशी संपली.

त्या कपाटाखाली अजून कधीकधी ओलं असतं.

ऑक्ताव आता रात्री दाराला कडी लावत नाही. लॉरेंझा ओरडते, "चोर येईल एखाद दिवशी!" तो म्हणतो, "येऊ दे. कुणालातरी अजून जायचंय."

रस्ते मोकळे झाले तेव्हा दोघं पोस्टात गेली. लाल पेटीपाशी ऑक्ताव थांबला. पाकीट उलटसुलट करून पाहिलं. तळहाताला अजून पट्टी होती.

"काय झालं? जास्त लिहिलंय का?" लॉरेंझाने विचारलं.

"नाही," तो म्हणाला.

आणि त्याने पत्र आत टाकलं.