नऊ नंबरची ओळ

वॉर्डातला पांढरा फळा पुसायचा म्हणजे ओलं फडकं मारायचं आणि मोकळं व्हायचं. पण त्या दुपारी नऊ नंबरच्या ओळीने मावशीला अगदी मेटाकुटीला आणलं.

मावशी मूळची हॉस्पिटलच्या लाँड्रीतली. धाकटी बहीण आजारी होऊन या वॉर्डात आली, तेव्हा हातापाया पडून तिने आठ दिवसांपूर्वी इथे बदली मागून घेतली. आईमागे धाकटीला तिनेच वाढवलेलं. तिच्याशिवाय मावशीला होतं कोण? ऑपरेशननंतर, कालच, धाकटीला नऊ नंबरची खाट मिळाली. त्या खाटेवरच्या मास्तरीणबाई परवा वारल्या होत्या.

त्यांचं नाव कुणीतरी चुकून पक्क्या शाईच्या पेनाने लिहून ठेवलेलं. ते पुसून दे, मग धाकटीचं लिहिते, असं सिस्टर म्हणाली. मावशीने साबण लावला, गरम पाणी मारलं, नखाने खरवडलं. नाव ढिम्म हललं नाही.

मग तिला बाईंचंच बोलणं आठवलं. मावशीला फळा घासताना पाहून त्या खाटेवरून रागावायच्या, "घासू नकोस गं. फळ्याच्या मार्करने आधी गिरव, मग पूस."

मावशीने निळा मार्कर घेतला आणि एकेक अक्षर गिरवायला लागली. वॉर्ड दुपारच्या झोपेत होता. मार्करची तेवढी चिरचिर चालली होती.

तिसऱ्या अक्षराला तिच्या हातावर हात आला. कोरडा, गार. पहिलीतल्या पोरीचा हात धरून गिरवून घेतात, तसा. मावशीला मागे वळून बघायचं धाडस होईना. नाव संपलं, तरी हात थांबला नाही. पुढे सरकला आणि त्याने आकडे काढले. ४:१०.

मार्कर निळा होता. आकडे लाल उमटले.

पेशंट गेला की त्याच्या नावापुढे लाल शाईने वेळ मांडतात, एवढं तिला आठ दिवसांत कळलं होतं. आणि बाई तर सकाळी साडेनऊला गेल्या होत्या. तिने घाईघाईने फडकं मारलं. नाव गेलं, आकडेही गेले. भिंतीवरच्या घड्याळात पावणेचार वाजले होते.

ती धाकटीचा हात धरून बसली. चार वाजले. चार-पाच. धाकटीचा श्वास मोजताना तिचा स्वतःचाच अडकत होता. चार-दहा झाले, काटा पुढे गेला, आणि धाकटीने डोळे उघडून पाणी मागितलं. मावशीचा जीव भांड्यात पडला. आपणच खुळ्यासारखं करतोय असं वाटून तिला हसू आलं, रडूही आलं.

पाचला ड्यूटी संपली. ती पिशवी घेऊन निघाली, तेव्हा सिस्टर फळ्यावर धाकटीचं नाव आणि पुढे इंजेक्शनची वेळ लिहीत होती. १८:३०.

"अठरा कधी वाजतात, सिस्टर?"

"साडेसहा गं, संध्याकाळचे. इथे वेळ चोवीस तासांच्या हिशेबाने लिहितात. नाहीतर दुपारच्या चारचा आणि पहाटेच्या चारचा घोळ होतो."

"मग दुपारचे चार..."

"सोळा लिहायचं."

"आणि नुसते चार असले तर?"

"पहाटेचे," म्हणत सिस्टर ट्रे उचलून पुढच्या खाटेकडे गेली.

मावशीने पिशवी खाली ठेवली.

"ताई, घरी नाही जात?" धाकटीने विचारलं.

"नाही गं. आज मी तुझ्यापाशीच."

डोळे लपवायला ती फळ्याकडे वळली. धाकटीच्या नावापुढे, अगदी फिकट, तेच लाल आकडे पुन्हा दिसत होते. तिने पदराने पुसलं. थुंकी लावून पुसलं. आकडे गेले नाहीत.

निळा मार्कर समोरच होता. तिला उपाय ठाऊक होता. घासून ते जाणार नव्हते... आधी स्वतःच्या हाताने गिरवायला हवं होतं.