पंपाचं लाल घर

शपथ घेऊन सांगते, यातला शब्दन् शब्द खरा आहे. खोटं असेल तर माझ्या जिभेला कॉफीची चव कळेनाशी होऊ दे! आणि कॉफीवाचून मी कशी वागते, ते अख्ख्या रोरोस गावाला ठाऊक आहे.

जानेवारीतली गोष्ट. बाहेर उणे अठ्ठावीस अंश, घरात तेरा. बाहेरच्या हवेतली ऊब ओढून घर तापवणारा हीट पंप रात्रंदिवस घरघरत होता, पण आत यायची ती नुसती कोमट फुंकर. माझ्या लेकीचा, टोरुनचा, शहरातून फोन आला.

"आई, रविवारी गाडी घेऊन येतेय. घर गारच असलं तर बॅग भरायची आणि माझ्याकडे यायचं. कायमचं."

"त्या चौथ्या मजल्यावर? त्यापेक्षा इथे गोठून मरेन."

"तेच तर म्हणतेय मी!"

शुक्रवारी एलिफ आला, पंपवाला. त्याला लेकीची धमकी सांगितली. आतली जाळी पाहिली, स्वच्छ. गॅस मोजला, पुरेसा. "यंत्र जेमतेम सात वर्षांचं आहे, आजी. याला काही झालेलं नाही." मग बाहेर गेला आणि थबकला.

बाहेरच्या यंत्रावर आमच्याकडे सगळेच लाकडी खोका चढवतात. पण आमचा खोका म्हणजे आमच्याच घराचं पिल्लू! लाल रंग, पांढऱ्या चौकटी, बाजूला छोटं दार, छपरावर गवतसुद्धा. हाल्वरने बांधलेलं, माझ्या डोळ्यांदेखत. हाल्वर म्हणजे माझा नवरा, त्याला जाऊन नऊ वर्षं झाली. सुतार असा, की त्याच्या दोन फळ्यांमधून सुई जायची नाही.

"इथंच घोळ आहे," एलिफ म्हणाला. "पंपाला श्वास घ्यायला जागाच नाही. स्वतःच सोडलेली गार हवा पुन्हा ओढतोय बिचारा. एरवी निभलं, यंदा थंडीच तशी. पुढच्या फळ्या काढू?"

"हाल्वरचं काम मोडतोस?"

"मग जा लेकीकडे."

मी तोंड फिरवलं. फळ्या निघाल्या. आत बर्फाची भिंत. एका फळीच्या आतल्या अंगाला पेन्सिलीने काही लिहिलेलं होतं. आमचे सुतार लिहितातच. दिवस, हवा, मनातलं काहीबाही. एलिफने वाचलं.

"'बारा ऑक्टोबर. पाऊस. पाठ अजिबात दुखत नाही.'"

मला हसूच आलं. जन्मभर पाठीच्या नावाने विव्हळलेला माणूस तो!

संध्याकाळी घरात अठरा झालं. पण शनिवारी वारा फिरला, उघड्या तोंडातून बर्फ भरला आणि पंपच बसला. एलिफला फोन केला.

"फळ्या परत लावू नका हं! सोमवारी येऊन फटी ठेवून पट्ट्या ठोकतो."

सोमवारी! टोरुन तर रविवारी येणार. मी बॅग काढली. हाल्वरचा हातोडा बरोबर न्यावा म्हणून शोधला, तर खुंटी रिकामी.

रविवारी सकाळी मला जाग आली ती उकडून.

घरात बावीस.

बाहेर गेले. लाल घराला पुढची भिंत होती. काढून ठेवलेल्या फळ्या चिरून कुणी पट्ट्या केल्या होत्या. दोन पट्ट्यांमध्ये बोटभर फट. आत पंप संथ गुणगुणत होता. बर्फावर लाकडाचा ताजा भुसा.

पाऊल एकही नाही.

टोरुन आली. माझं काही ऐकून न घेता छोटं दार उघडून आत डोकावली. बराच वेळ वाकलेलीच राहिली.

"आई, इथे लिहिलंय. 'अकरा जानेवारी. उणे सव्वीस.'"

"पुढे?"

"'चूक माझी होती.'"

एकेचाळीस वर्षांच्या संसारात हे वाक्य मी त्या माणसाच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

टोरुन सरळ झाली. गाडीची किल्ली तिने खिशात टाकली.

"बॅग वर ठेव, आई," ती हळूच म्हणाली. "कॉफी कर."

मी आत गेले. हातोडा खुंटीवर होता. मूठ कोमट.

आता कॉफी पुढ्यात आहे, तेव्हा कबूल करते बाई. एक गोष्ट मी पदरची घातली. "माझ्या डोळ्यांदेखत" म्हणाले ना, ते खोटं. पंप मी एकटीने घेतला, हाल्वर गेल्यावर दोन वर्षांनी. आणि त्याच ऑक्टोबरात एका सकाळी मी पडदा सारला, तर ते लाल घर तिथे उभं होतं.

रंग अजून ओला होता.