हवालदारानं चुकवलेला खांब

“टोप्या अजिबात नकोत! टिंगू टोपी खातो!” सुतळीनं जाहीर करून टाकलं.

“खाऊ दे की! तेवढाच आपल्या वाट्याला केक जास्त!” भोंग्या म्हणाला. तो हळूच बोलला होता, पण पलीकडच्या बाकावरचे आजोबा दचकून जागे झाले. त्याला भोंग्या हे नाव काही उगाच पडलं नव्हतं.

“पण टोपी नाही, तर वाढदिवस कुणाचा हे लोकांना कळणार कसं?” शंकासुरानं विचारलं. हा सुतळीचा मामेभाऊ, सुट्टीसाठी आलेला. त्याला ‘पण’शिवाय वाक्यच सुरू करता येत नसे.

“जो केकमध्ये हात घालेल, त्याचा!” सुतळी म्हणाली आणि तिघंही खिदळली.

बागेच्या हिरवळीवर पालथं पडून उद्याचा बेत चालला होता. सुतळीचा धाकटा भाऊ टिंगू उद्या तीन वर्षांचा होणार होता. मागचा वाढदिवस त्यानं दवाखान्याच्या खाटेवर काढला होता, हाताला सुई टोचलेली, ओठ सुकलेले. तेव्हा दवाखान्याच्या जिन्यात बसलेल्या आईला सुतळी म्हणाली होती, “पुढच्या वर्षी याला मी मोकळ्यावर पळवते की नाही, बघच तू!” यंदा बागेत वाढदिवस करायला बाबांनी होकार दिला, पण एका अटीवर. सगळं साधं हवं. एक सतरंजी, थोडे फुगे, कापलेली फळं, आईच्या हातचा केक. आणि जबाबदारी सगळी सुतळीची!

खेळही ठरले होते. ‘पुतळा!’ असं ओरडलं की जागच्या जागी थिजायचं. ‘उलटी गाडी!’ म्हटलं की कुऽऽक करत मागे मागे जायचं. टिंगूला हे खेळ इतके आवडले होते की जेवताना घास तोंडाशी नेतानाही तो मधेच पुतळा व्हायचा.

“सतरंजी इथं टाकू,” सुतळी दिव्याच्या खांबाकडे बोट दाखवत म्हणाली. “झाडाची सावली आहे. पताकांची माळ झाडापासून खांबापर्यंत. झालं काम!”

तेवढ्यात हवालदाराची स्वारी आली. हवालदार म्हणजे बागेतला भुरा कुत्रा. संध्याकाळची त्याची गस्त ठरलेली. प्रत्येक खांबापाशी थांबायचं, हुंगायचं, पाय वर करायचा आणि पुढे जायचं. आजही तो एकेक खांब पावन करत आला. पण मुलांजवळच्या खांबाशी येताच तो थबकला. पाठीवरचे केस ताठ उभे राहिले. कुंईकुंई करत त्यानं मोठा वळसा घातला आणि शेपूट घालून पळाला.

“हवालदारानं हा खांब चुकवला! पण का?” शंकासुर उठून बसला.

“पाणी संपलं असेल टाकीतलं!” भोंग्या हसला आणि खांबाला टेकायला निघाला.

“थांब!” सुतळीनं त्याचा सदरा असा खसकन ओढला की एक बटण तुटून उडालं. “खाली बघ. गवत बघ.”

सगळी हिरवळ टवटवीत होती. फक्त या खांबाभोवती, परातीएवढ्या गोलात, गवत वाळून पिवळं पडलं होतं. समोर माळीकाका नळी घेऊन पाणी मारत होते. मुलं बघत राहिली. काका आले, खांबाच्या बरेच अलीकडे त्यांनी नळी वळवली आणि लांबून पलीकडे गेले.

“काका, इथं पाणी का नाही घालत?” सुतळीनं विचारलं.

माळीकाकांनी आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे. “पोरांनो, तिकडे कारंज्यापाशी बसा. इथं नको.”

“पण का?”

“माझ्या पोटावर पाय आणू नका रे,” एवढंच पुटपुटून ते घाईनं निघून गेले.

आता मात्र तिघांचं हसू मावळलं. खांबापासून लांब राहून त्यांनी वाकून वाकून पाहिलं. खांबाच्या बुडाशी असलेल्या खिडकीचं झाकण गायब होतं. आतून एक काळी वायर निघून गवतातून थेट आइस्क्रीमवाल्याच्या टपरीत, त्याच्या फ्रीजकडे गेली होती. मधे जोडाला गुंडाळलेली चिकटपट्टी सुटून लोंबत होती.

“खांबात वीज उतरलीय,” सुतळी दबक्या आवाजात म्हणाली. उद्या इथंच टिंगू अनवाणी पळणार होता!

बागेची देखरेख करणारे साहेब खोलीत पंख्याखाली बसून मोबाईलवर पत्ते खेळत होते. मुलांचं सगळं ऐकून घेताना त्यांनी मानसुद्धा वर केली नाही.

“कुत्रा घाबरला म्हणून खांब खराब? उद्या मांजर शिंकलं म्हणून बाग बंद करायची का? खांब ठणठणीत आहे. पळा!”

घरी बाबा सायकलच्या पंपानं फुगा फुगवून बघत होते. त्यांनीही अर्धवटच ऐकलं. “अगं, मग दुसरीकडे बसू. बाग काय लहान आहे?”

“आपण दुसरीकडे बसू, बाबा. पण बाकीची मुलं?”

फटकन फुगा फुटला. “साहेब बघतील ते! नाही त्या भानगडीत पडू नकोस,” बाबा म्हणाले आणि त्यांनी दुसरा फुगा घेतला.

सुतळीला त्या रात्री धड झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिघं सगळ्यांच्या आधी बागेत पोचली. सतरंजी त्यांनी कारंज्यापाशी टाकली. मग खांबापासून लांब, चारी बाजूंनी काठ्या रोवून त्यांनी लाल फिती गुंडाळल्या. जे मूल येईल त्याला भोंग्या ओरडून सांगत होता, “फितीच्या आत पाऊल टाकेल तो बाद! कायमचा बाद!”

पाहुणे जमू लागले. बाकावरचे आजोबा आले, शेजारच्या काकू आल्या, चिल्लीपिल्ली आली. आईनं केक मांडला. टिंगू नवा सदरा घालून, चपला केव्हाच भिरकावून, लाल चेंडूमागे धावत होता. सुतळीचा एक डोळा त्याच्यावर आणि एक खांबावर.

तेवढ्यात साहेब तणतणत आले. “हा काय तमाशा? बागेत काठ्या रोवायला कुणी सांगितलं?” बघता बघता त्यांनी फिती ओरबाडून काढल्या आणि काठ्या उपटून फेकल्या.

“साहेब, तिथं वीज...” सुतळी म्हणाली.

“पुन्हा तेच! सांगितलं ना, खांब ठणठणीत आहे! अहो, पोरांना काही वळण लावा!” ते बाबांवर घसरले. बाबांचा चेहरा पडला. सगळे टकामका बघत होते.

सुतळीच्या डोळ्यांत पाणी आलं. पण त्याच क्षणी तिच्या लक्षात एक गोष्ट आली. एवढ्या फिती ओरबाडल्या, पण साहेबांनी खांबाला बोटही लागू दिलं नव्हतं! शेवटची फीत तर त्यांनी काठीनं लांबूनच ओढली होती.

तिनं डोळे पुसले, पताकांची माळ उचलली आणि अगदी साखर पेरल्यासारख्या आवाजात म्हणाली, “चुकलं आमचं, साहेब. खांब ठणठणीत आहे ना? मग एवढी माळ त्याला तुमच्या हातानं बांधून द्या. आमचा हात पुरत नाही.”

साहेबांनी माळ घेतली. एक पाऊल पुढे टाकलं. मग तिथंच थांबले.

“बांधा की!” आजोबा म्हणाले. “गाठ मारायला वेळ तो कितीसा?”

“माळ... झाडाला बांधा. खांबाला नको.”

“पण का?” शंकासुरानं विचारलं.

साहेबांच्या कपाळावर घाम फुटला. बाबा पुढे सरकले. “सांगा ना साहेब. का नको?”

साहेब तोंड उघडणार, इतक्यात पलीकडे टपरीवाल्यानं फ्रीजमधल्या वितळलेल्या बर्फाचं पाणी बादलीभर गवतात ओतलं. पाण्याचा ओघळ उतारानं सरसर खांबाकडे निघाला. आणि त्याच वेळी लाल चेंडू टप्पे खात त्याच दिशेनं गेला. चेंडूमागे टिंगू! अनवाणी!

धावून पकडायला सुतळी फार लांब होती.

“भोंग्या! पुतळा!” ती किंचाळली.

भोंग्यानं जीव खाऊन आरोळी ठोकली, “पुऽऽतऽऽळा!”

अख्खी बाग थिजली. टिंगूही थिजला. एक पाय वर, दोन्ही हात पुढे पसरलेले. खांब त्याच्यापासून हातभर अंतरावर. पाण्याचा ओघळ चकाकत खांबाच्या बुडाशी पोचला, पिवळ्या गवतात पसरला आणि टिंगूच्या पावलांकडे सरकू लागला.

आई धावत सुटली. सुतळीनं तिला कमरेला मिठी मारून अडवलं. “आई, नको! पाण्यात पाय टाकू नकोस! त्याला दचकवू नकोस!”

“अरे, कुणी त्या पोराला खांबाला शिवू देऊ नका! करंट आहे त्यात!” साहेबच ओरडले. आणि बोलून गेल्यावर त्यांनी तोंडावर हात ठेवला.

सुतळीचं तिकडे लक्षही नव्हतं. टिंगूचा वर उचललेला पाय थरथरत होता. आता तोल जाणार! मोठ्या कष्टानं तिनं आवाज हसरा केला.

“टिंगूऽऽ! उलटी गाडी! कुऽऽक!”

टिंगूनं पाय खाली टेकला. मागे टेकला! “कुऽऽक!” म्हणत त्यानं एक पाऊल मागे टाकलं. मग दुसरं. ओघळ त्याच्या पायाच्या ठशांवरून पुढे येत होता.

“जोरात, गाडी, जोरात! झुक झुक!”

“झुक झुक!” टिंगू लुटुलुटु मागे आला आणि सुतळीनं त्याला वरच्या वर उचललं.

तेवढ्यात माळीकाका आपणहून विजेच्या खोलीकडे पळाले. खट्! टपरीतला फ्रीज घरघरत बंद पडला.

थोड्याच वेळात वीज कंपनीचा माणूस आला. हातात जाड रबरी मोजे घालून त्यानं तपासणी केली आणि डोक्याला हात लावला. “वायर सोललेली, त्यात हे पाणी! हा खांब कुणाचा तरी बळी घेणार होता. कुणी लक्षात आणून दिलं?”

“आधी मला झटका बसला होता,” माळीकाका मान खाली घालून म्हणाले. “साहेब म्हणाले, बोललास तर काम जाईल. मी भ्यालो. ही पोरं नाही भ्याली.”

साहेबांनी शेवटी कबूल केलं. टपरीवाल्याला चोरून वीज त्यांनीच दिली होती. सुट्टी संपली की दुरुस्त करू, असं ते रोज स्वतःला सांगत होते. “माझ्याच्यानं आयुष्यभर विसरवणार नाही हे,” ते कसंबसं म्हणाले. पुढे काही दिवसांत त्यांच्यावर तक्रार झाली आणि खांबाभोवती पक्कं कुंपण पडलं.

आजोबांनी शंकासुराच्या पाठीवर थाप मारली. “तुझ्या ‘पण का’ला आजपासून कुणी हसायचं नाही! आणि भोंग्या, तुझ्या गळ्याला सोन्यानं मढवायला हवं!”

“मढवा, आजोबा, पण आवाज बाहेर पडायला जागा ठेवा!” भोंग्या म्हणाला आणि इतक्या वेळानं पहिल्यांदा सगळे हसले.

बाबा सुतळीसमोर गुडघ्यावर बसले. “काल मी फुगे फुगवत बसलो आणि तुझं ऐकलं नाही. दुसरीकडे बसू म्हणालो. तुला मात्र सगळ्यांच्या पोरांची काळजी होती. आज तू माझ्यापेक्षा मोठी ठरलीस, बाळा.”

आईनं सुतळीला नुसतं जवळ घेतलं. मग इतका वेळ आवरून धरलेलं रडू सुतळीला एकदम फुटलं. ती हुंदके देत होती आणि टिंगूला काही केल्या सोडत नव्हती.

दोघींच्या मधे चेपला गेलेला टिंगू वळवळला, लालबुंद झाला आणि सगळ्या बागेला ऐकू जाईल असा ओरडला, “ताई, सोऽड! माझा वाढदिवस आहे! मला केक कापायचाय!”