सहाला सुटणारा सुतार

ऑफिसात त्याला सगळे मुकादम म्हणत. नव्या व्हिडिओ गेममध्ये एक गाव होतं आणि गावातल्या दोनशे चाळीस माणसांना कामाला जुंपायचं काम त्याच्याकडे होतं. लोहाराने भाता कधी ओढायचा, म्हाताऱ्यांनी पारावर किती वेळ बसायचं, सगळं तोच लिहायचा. गेम बाजारात यायला महिना उरला होता. पंधरा दिवस तो ऑफिसातल्या सोफ्यावरच झोपत होता; कीबोर्डशेजारी त्याचा टूथब्रश असे. "एवढं होईपर्यंत कळ काढा," टीमची प्रमुख म्हणायची. मागच्या दोन गेमच्या वेळीही तिने हेच सांगितलं होतं.

एका मंगळवारी संध्याकाळी गावात एक माणूस कमी भरला. पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा दोनशे एकोणचाळीस. शोधल्यावर कळलं, सुतार गायब. सकाळी पाहिलं तर पठ्ठ्या रंधा मारत उभा. तीन दिवस हेच. चौथ्या दिवशी मुकादमाने पाळत ठेवली. सहा वाजले तशी सुताराने हत्यारं पेटीत ठेवली, अंगावरचा भुसा झटकला आणि तो गावाच्या फाटकातून बाहेर पडला. फाटकापलीकडे ना रस्ता होता, ना गवत. तिथे गेमच संपत होता.

"याला घरी जायला तू शिकवलंस का?" त्याने शेजारच्या चित्रकर्तीला विचारलं.

"मी फक्त चेहरे काढते," ती म्हणाली. "आणि सहाला घरी जायचं शिकवणारं इथे आहे कोण?"

दोघंही हसले. मग त्याने सुतारासाठी लिहिलेला कोड ओळ न् ओळ वाचून काढला. त्यात फाटकाचं नावही नव्हतं.

त्याच सुमारास घरची कुरबुर थांबली. बायको घरी न येण्यावरून बोलेनाशी झाली. त्याला हायसंच वाटलं. एका दुपारी ती फोनवर म्हणाली, "टेबलाचा पाय छान बसवलास हं. आता अजिबात डुगडुगत नाही." त्याला काही आठवेना. रविवारी कपडे न्यायला गेलो होतो, तेव्हा केलं असेल, अशी त्याने मनाची समजूत घातली.

मग मुलीने फोन घेतला. "बाबा, काल अस्वलाची गोष्ट अर्धीच राहिली."

काल तो ऑफिसातून हललाही नव्हता.

फोन ठेवून तो पडद्यावरच्या सुताराकडे पाहत बसला. सहाला पाच मिनिटं कमी असताना त्याने फाटक बंद करून टाकलं. एका ओळीचं काम.

सुतार आला. त्याने फाटक ढकलून पाहिलं. पुन्हा ढकललं. मग लाकडाला कपाळ टेकून तसाच उभा राहिला.

साडेसहाला फोन वाजला.

"कुठे राहिलास?" बायकोच्या आवाजात काळजी होती. "रोज सव्वासहाला येतोस. ही मघापासून दारात बसलीय. उठायलाच तयार नाही."

"निघालो," तो म्हणाला.

तो खरंच उठला. जॅकेटची एक बाही चढवली. समोरून टीमची प्रमुख आली.

"मुकादम, बाजारातली गर्दी आज पुरी व्हायला हवी. उद्या दाखवायचीय."

"होईल," तो म्हणाला. ते ऐकून त्याचं त्यालाच नवल वाटलं नाही.

तो खुर्चीत बसला. बाही तशीच लोंबत होती. दारात बसलेली मुलगी डोळ्यांपुढून हलेना.

त्याने फाटक उघडलं.

आकडा एकाने उतरला.

पाऊण तासाने न राहवून त्याने बायकोच्या फोनवर फोन लावला. दुसऱ्याच घंटेला कुणीतरी उचलला.

"हॅलो, कोण?"

आवाज त्याचाच होता. फक्त नीट झोप झालेला.

मागे ताटल्या वाजत होत्या. मुलीने विचारलं, "बाबा, कोण आहे?"

"कोणी नाही गं," तो आवाज मायेने म्हणाला. "ऑफिसातला माणूस आहे."