शून्याचं टोक

सरका जवळ, आणि मध्येच कुणी खिदळू नका. हे माझ्या मेहुण्याच्या बाबतीत घडलेलं आहे. तो सरकारी मोजणीदार. भुताखेतांची टर उडवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

नोव्हेंबरची सतरा तारीख, मंगळवार. रात्री सव्वाअकराला तो मोटरसायकल काढून समुद्राकडे निघाला. काम साधं होतं. भरतीरेषेच्या खुंट्या ठोकायच्या, कारण सकाळी नऊला पाहणीला अधिकारी येणार होते.

भरतीचं पाणी सगळ्यात वर जिथवर चढतं, ती भरतीरेषा. तिच्यापासून जमिनीकडे पन्नास मीटर बांधकाम करता येत नाही. रस्त्याकडेच्या हद्दीच्या दगडापासून खरी रेषा अडतीस मीटरवर होती, म्हणजे वीटसुद्धा लावायची सोय नव्हती. पण कासवं जिथे अंडी घालायची, नेमकी तीच वाळू हॉटेलवाल्याला हवी होती. मग काय, नकाशात रेषा नव्वदवर गेली, दगडापुढची चाळीस मीटर वाळू बांधकामाला मोकळी झाली. साहेब मेहुण्याला म्हणाले, "खुंट्या नकाशाप्रमाणे बसव, नाहीतर नोकरीवर पाणी सोड."

तो किनारा त्याच्या मावशीचा जीव की प्राण. तिनेच याला लहानाचं मोठं केलं. वीस वर्षं ती कासवांच्या घरट्यांभोवती काठ्या रोवायची, कुत्री हाकलायची. हॉटेलविरुद्ध सह्या घ्यायला दारोदार हिंडली. आदल्या वर्षी खरी मोजणी झाली, तेव्हा मदतनीस आलाच नाही, तर टेपचं शून्याचं टोक हिनेच धरलं. समुद्राच्या वाऱ्यात हाक ऐकू जात नाही, म्हणून टेप ताठ झाली की टोक धरणारा दोन हिसके देतो. हिसके देताना ती पोरीसारखी हसत होती, असं मेहुणा सांगतो.

दवाखान्यात शेवटी त्याला म्हणाली, "माप खरं लिही बाळा, एवढंच." तो हो म्हणाला. तिला जाऊन त्या रात्री दोन महिने झाले होते.

तर, हा पोचला. एकटाच. ओहोटीने पाणी लांब हटलं होतं. टेपची कडी दगडावरच्या खिळ्यात अडकवली आणि हातातल्या चक्रीवरून टेप सोडत समुद्राकडे चालला. नव्वदवर थांबला. टेप ताणली.

दोन हिसके आले.

वारा असेल, म्हणाला. दगडाकडे बॅटरी मारली. उजेड तिथवर पोचेना.

"कोण आहे रे तिकडे?"



मग हातातली चक्री फिरू लागली. आपोआप. हळूहळू टेप गुंडाळली जात होती, आणि तिच्याबरोबर तोही दगडाकडे ओढला जात होता. त्याने टाचा रोवल्या. टाचा घसरल्या. चक्री सोडायला गेला, बोटं सुटेनात. ऐंशी... साठ... पन्नास...

अडतीसवर चक्री थांबली.

दोन हिसके.

"मावशी..."

 

"मावशी, सोड गं. मला घर चालवायचंय."

बराच वेळ टेप तशीच ताठ राहिली. मग सैल पडली. नुसती पडली, वाळूवर... तिने सोडली होती.

तो परत नव्वदवर गेला आणि रडत रडत सगळ्या खुंट्या ठोकल्या. सकाळी अधिकाऱ्यांनी मोजलं, बरोबर भरलं. दोन वर्षांत हॉटेल उभं राहिलं. कासवं पुन्हा आली नाहीत.

मग हॉटेलवाल्याचाच निरोप आला. समुद्राकडच्या खोल्यांत रोज पहाटे फरशीवर ओली रेघ उमटते. सरळ, भिंतींना न जुमानता, पलंगांखालून या खोलीतून त्या खोलीत. नळ बदलले, फरशा उखडल्या, कारण सापडेना. पाणी खारट. मेहुण्याने दगडापासून मोजलं. अडतीस. कागदावर या खेपेला त्याने तेच लिहिलं, खाली सही केली. आता त्या कागदाला कोण विचारतो?

त्या दिवसापासून रेघ बंद झाली. शेवटच्या खोलीत मात्र दोन अनवाणी पायांचे ठसे राहिलेत. टाचा जुळवलेल्या, तोंड समुद्राकडे. त्याला सात वर्षं झाली. गेल्या महिन्यात मी स्वतः बोट लावून पाहिलं.

ओले आहेत.