काचेतली समुद्रफुलं

"इन्सुलिनची सिरिंज द्या. आणि... सुई जरा लांब मिळेल?"

दीपमालाने मान वर केली. मेहरूणमधल्या त्या मेडिकल दुकानात भर दुपारी सहसा कुणी फिरकत नसे. समोर घामाने निथळणारा उंच तरुण, डोळे जागरणाने लाल. तिला नको ती शंका आली.

"चिठ्ठी?"

"चिठ्ठी नाही. पेशंट... पाण्यात आहे."

त्याने मोबाइल पुढे केला. निळ्या उजेडात दगडाला चिकटलेलं, तपकिरी पाकळ्या हलवणारं इवलंसं काहीतरी.

"किती गोड आहे!"

"समुद्रफूल. नाव फुलाचं, पण प्राणी आहे. माझ्या घरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत दगडाबरोबर फुकट आलं आणि आता तिथल्या जिवंत पोवळ्यांना डंख मारतंय. इंजेक्शननेच संपवावं लागेल."

"गोड दिसणाऱ्यांना तुम्ही असंच संपवता?"

"नाही... सगळ्यांना नाही," तो म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला.

त्याचं नाव प्रशील, वीज कंपनीत इंजिनियर. हे तिला कळलं सविताकाकूंकडून. बीपीच्या गोळ्यांना नेहमी येणाऱ्या काकू त्याची आई निघाल्या. "त्यानं बठ्ठं ध्यान पानीमाच शे बाई! सगळं लक्ष त्या टाकीत. तू तरी येऊन बघ एकदा."

संध्याकाळी दुकान बंद झाल्यावर दीपमाला त्यांच्या घरी गेली. बाहेर रस्ता अजून तापलेला, आणि इथे काचेआड खारं पाणी मंद हेलकावत होतं. त्यात एक हिरवं पोवळं डोलत होतं.

"आणलं तेव्हा नखाएवढं होतं," प्रशील हळूच म्हणाला आणि आईला चहाचं सांगायला आत गेला.

त्या पोवळ्याला खेटूनच एक समुद्रफूल बसलं होतं. बाजूला चिमटा पडलेला. दीपमालाला वाटलं, एवढं तर आपणही करू. तिने बाही सावरून हात पाण्यात घातला...

"हात काढ! तोडू नकोस!" प्रशील आतल्या दारातून ओरडला.

उशीर झाला होता. फूल फाटलं, तुकडे पाण्यात पसरले.

"आता प्रत्येक तुकड्याचं नवं फूल होणार," तो कोरडेपणाने म्हणाला. "विचारायचं तरी होतं."

चहा न घेताच ती निघाली. पुढे कितीतरी दिवस दुकानाच्या दारात सावली पडली की तिची नजर उचलली जायची. तो आला नाही. आल्या त्या काकूच.

"टाकीभर फुलं झालीत गं. ते हिरवं मिटून बसलंय. आणि आमचा हाही."

त्याच संध्याकाळी दीपमालाने खलात शुद्ध चुन्याची पूड पाण्यात घोटली आणि थेट त्याच्या दारात उभी राहिली.

"हा लगदा सिरिंजने फुलाच्या तोंडावर सोडायचा. ते गिळतं आणि जागीच विरतं. वाचलंय मी सगळं."

"मीही वाचलंय. पण पंप बंद करा, बॅटरी धरा, सुई सांभाळा... एकट्याला जमत नाही." त्याने दार पूर्ण उघडलं. "तुझ्यावर राग नव्हता. म्हणजे... तुमच्यावर."

"तूच म्हण. ओरडताना म्हणालाच होतास."

तो हसला, आणि तिचा जीव भांड्यात पडला.

चुना एकदम जास्त पडला की पाणी बिघडतं, म्हणून रोज थोडीच फुलं. ती बॅटरी धरायची, तो श्वास रोखून सिरिंज दाबायचा. कोपराला कोपर लागलं की सुई हलायची.

"नीट धर ना," ती कुजबुजायची.

"तू लांब बस ना."

"बसू?"

"...नको."

आणि एका संध्याकाळी शेवटचं फूल विरलं. हिरवं पोवळं पुन्हा उमललं होतं. आता उद्या यायला काही कारणच उरलं नव्हतं.

"उद्या..." प्रशील अडखळला. "उद्या काही काम नाहीये."

"मग येऊ नको?"

"काम नसतानाही यावंस, असं वाटतं. रोज. कायमचं." "मला तू आवडतेस, दीपमाला."

तिने ओला हात ओढणीला पुसला, बराच वेळ पुसत राहिली. मग खाली बघूनच म्हणाली, "रविवारी भडगावहून आमचे आबा, म्हणजे वडील, येणार आहेत माझ्याकडे. काकूंना सांग... तुम्ही दोघं दुपारी जेवायलाच या."